अंगठा लागत नाही

सोलापुरात कन्ना चौकातल्या कट्ट्यावर परवा अण्णाने बँकेत काउंटरला बसणाऱ्या मल्लूला चहासुद्धा नीट घेऊ दिला नाही. "काय करलालाव बे तुम्ही आत बसून? अम्मा तीन तास थांबून तशीच परत आली."

अण्णाच्या अम्माने उभा जन्म विड्या वळल्या. पीएफची पेन्शन मिळते ती किमान, हजार रुपये. हा आकडा २०१४ मध्ये ठरलेला. त्यासाठी वर्षातून एकदा हयातीचा दाखला द्यायचा. पण पानं कातरून, विड्या वळून बोटांच्या रेषा झिजल्या आहेत, मशीन अंगठा घेत नाही. शहराच्या पूर्वभागात, विडी कामगारांच्या वस्तीत, अशी बोटं किती घरांत असतील!

"काउंटरला किती जण असता?" मास्तरांनी विचारलं.

"दोघं. काम पाच जणांचं. एक बदलून गेली, दोघांनी नोकरी सोडली, जागा तशाच. केवायसी, पासबुक, त्यातच एटीएममधून पैसे आले नाहीत पण खात्यातून गेले असा माणूस. पाच दिवसांत जमा झाले नाहीत तर रोजचे शंभर रुपये भरपाई, हा नियम त्याला पाठ असतो. बरोबरच आहे त्याचं. पण मला नुसती तक्रार नोंदवता येते, पुढचं माझ्या हातात काही नाही. आणि वरून फोन, आज विमा किती विकला?"

"ते राहू दे. चेहरा दाखवून मोबाइलवर दाखला निघतो, हे अम्माला का नाही सांगितलं? मला शेजारच्या पोराने सांगितलं! तुमच्या माणसाने 'उद्या या' म्हणून वाटेला लावलं."

मल्लू बराच वेळ गप्प होता. मग म्हणाला, "तो माणूस मीच, अण्णा. मी मान वर करून बघितलंच नाही. आणि चेहऱ्याचं मला आत्ता तुझ्याकडून कळतंय. ट्रेनिंगला पाठवलं होतं, ते विमा विकायच्या."

मला अण्णाचा राग पटतो. पण अण्णाच्या घरी जेवायला येणाऱ्या मल्लूला अम्मा ओळखू येऊ नये इतकं त्याला कामाला जुंपणाऱ्यांवर माझा राग जास्त आहे.

मास्तरांनी मार्ग सांगितला: आधी बँकेकडे लेखी तक्रार, तीस दिवसांत उत्तर नाही आलं तर रिझर्व्ह बँकेचा लोकपाल, १४४४८ वर माहिती मिळते.

"तक्रार आली की खुलासा काउंटरवाल्याकडून मागतात," मल्लू म्हणाला. "रिकाम्या जागांबद्दल कोण विचारतंय?"

"मग नको का लिहू?" अण्णाचा आवाज आता खाली आला होता.

"लिही. माझं नाव घाल. पण त्या दिवशी रांगेत किती होते आणि आत आम्ही किती होतो, तेही लिही."

मास्तरांनी खिशातून पेन काढून अण्णापुढे धरलं.