तो रिमोट जरा खाली ठेवा!

काल रात्री नाशिकच्या इंदिरानगरमधल्या एका सोसायटीत मुलांसाठी 'डेनिस द मेनेस' लावला होता. १९९३ चा, वॉल्टर मॅथाऊचा. पार्किंगमध्ये पांढरी चादर ताणलेली, भाड्याचा प्रोजेक्टर, समोर सतरंजीवर पोरं. छान चाललं होतं. खोडकर डेनिसचा म्हातारा शेजारी विल्सन, म्हणजे मॅथाऊ, त्याच्या फुलाचा प्रसंग आला आणि एका बाबांनी "हे फार स्लो आहे" म्हणत सिनेमा सरळ पुढे पळवला. थेट चोरापर्यंत. तेव्हापासून डोकं तापलंय.

अहो, सगळा सिनेमा त्या फुलावर उभा आहे! विल्सनने चाळीस वर्षं वाट पाहिलेलं रोप रात्री एकदाच फुलणार, तेही काही क्षण. त्यासाठी अंगणात पाहुणे जमलेत. नेमकं तेव्हाच डेनिस चोर शिरल्याचं ओरडत येतो. सगळ्यांच्या माना वळतात आणि परत फिरेपर्यंत फूल मान टाकतं. मग विल्सन त्याला असं तोडून बोलतो की पोरगं सायकल काढून निघूनच जातं. हे कापलंत तर म्हातारा रात्री त्याला शोधायला का निघतो, हे मुलांना कसं कळणार? एका चिमुरडीने विचारलंच, "हे आजोबा एवढे का चिडलेत?" रिमोटवाले गप्प.

खोडकर पोराचा सिनेमा म्हणजे नुसती पडापडी नव्हे. सुरुवातीचा ॲस्पिरिनचा प्रसंग बघा. विल्सन झोपेचं सोंग घेऊन पडलाय. डेनिसला वाटतं, हा आजारी आहे. औषध तर द्यायला हवं, हातात आहे गलोल. गोळी थेट घशात! मन चांगलं आणि साधन भलतंच, म्हणून हसू येतं. त्याच पोराच्या मनात खुन्नस घाला, तो छळ होईल. विल्सनच्या कवळीचे पुढचे दोन दात जातात तिथे डेनिस च्युइंगमच्या पांढऱ्या वड्या बसवतो, तेही निस्तरायला म्हणूनच. आणि मॅथाऊ एकदाही हसवायला जात नाही, मनापासून वैतागतो. तो खोटा चिडला असता तर एकही प्रसंग उभा राहिला नसता.

मान्य, चोराचं प्रकरण लांबलंय. लिहिणारे जॉन ह्यूज, एकटा पोरगा चोरांची फजिती करतो त्या 'होम अलोन'वालेच, त्यामुळे काही माल तिथलाच वाटतो. बरं. पण मग ते पळवा ना! फूल कशाला?

नाशिककरांना तरी हे सांगावं लागू नये. आपल्या दादासाहेब फाळक्यांनी १९१९ मध्ये 'कालिया मर्दन' केला, मुलगी मंदाकिनी झाली कृष्ण. त्यात गावातली बाई एका सवंगड्यावर पाणी फेकते, मग ही टोळी तिच्याच घरातलं लोणी पळवते. पाणी फेकलेलं कापा, कृष्ण नुसता चोर उरतो. शंभर वर्षांपूर्वी मूकपटात जे कळत होतं ते आज रिमोट हातात असताना कळू नये?

असो. लिहिता लिहिता राग थोडा उतरला. मुलं चुळबुळत होती हे खरं. संवाद इंग्रजी, त्यांना कोणी काही सांगितलंच नव्हतं. विल्सनच्या अंगणातली ती फुलाची पार्टी सुरू होण्याआधी सिनेमा थांबवा आणि विचारा, ब्रह्मकमळ कोणाच्या घरी आहे? चार हात तरी वर येतील. रात्री शेजाऱ्यांना हाका मारून दाखवलेलं, सकाळी मलूल झालेलं फूल त्यांनी पाहिलेलं असतं. दोन वाक्यं पुरतात. मग बघा कशी बसतात.

आणि स्पीकर प्रोजेक्टरजवळ ठेवू नका. मागच्या मुलांचे कान बसतात, पुढच्यांना संवाद कळत नाही, म्हणून कोणीतरी आवाज वाढवतं आणि तो बिल्डिंगवर आपटतो. चादरीखाली, मुलांकडे तोंड करून ठेवा, निम्म्या आवाजात काम होतं. काल तिसऱ्या मजल्यावरचे आजोबा त्याचीच तक्रार करायला खाली आले होते. तक्रार राहिली बाजूला, स्कूटरला टेकून बघत उभे राहिले. फूल पळवलं तेव्हा "अहो, मागे घ्या, मागे घ्या" म्हणणारे तेच एकटे होते. कोणी मागे घेतलं नाही.

येत्या रविवारी पार्टीपासून पुढचं पुन्हा लावा. आजोबांना आधी सांगा आणि एक खुर्ची टाकून ठेवा.