गाठ गुळगुळीत आहे म्हणून विषय संपत नाही

स्तनातल्या गाठींबद्दल एक मेसेज घरोघरच्या ग्रुपवर फिरतोय. गाठ गुळगुळीत आहे, हाताखाली सरकते, दुखत नाही, सोनोग्राफीत ‘फायब्रोअॅडेनोमा’ (कॅन्सर नसलेली साधी गाठ) आलंय, मग विसरून जा. तपासणीसाठी सुई टोचून घेऊ नका, कॅन्सर पसरतो. फारच शंका असेल तर एमआरआय करा. यात थोडं खरं मिसळलंय, म्हणून तर तो खपतो.

‘दुखत नाही म्हणजे साधी.’ साफ चूक. स्तनाचा कॅन्सर सुरुवातीला बहुधा दुखतच नाही.

‘गुळगुळीत, सरकणारी.’ विशी-तिशीत अशा बहुतेक गाठी फायब्रोअॅडेनोमाच निघतात, मान्य. पण फायलोड्स नावाचा ट्यूमर, जो कधी साधा तर कधी घातक असतो, हाताला हुबेहूब तसाच लागतो. दुर्मिळ आहे, स्तनाच्या सगळ्या ट्यूमरमध्ये जेमतेम 1 टक्का, त्याहूनही कमीच. मॅमोग्राफीत दोन्ही गोलसर, रेखीव कडांचे. सोनोग्राफीत दोन्ही काळपट, लंबगोल. कधीकधी गाठीच्या आत बारीक काळ्या फटी किंवा पाण्याच्या पोकळ्या दिसतात आणि रेडिऑलॉजिस्टचा प्रोब तिथेच घुटमळतो. पण त्या दर वेळी दिसतीलच असं नाही. म्हणून रिपोर्टात ‘फायब्रोअॅडेनोमा किंवा फायलोड्स’ असं लिहून येतं. त्यावर ‘डॉक्टरांनाच कळत नाही’ म्हणून नाक मुरडू नका. वय चाळिशीच्या आसपास, गाठ 3 सेंटिमीटरच्या वर किंवा काही महिन्यांत भराभर वाढलेली, असं असलं की संशय बळावतो.

‘सुईने पसरतो.’ सुईच्या वाटेत काही पेशी सरकतात, हे खरं. पण त्यामुळे रुग्णांचं आयुष्य घटतं असं आढळलेलं नाही. सुई टाळण्यात मात्र धोका आहे. फायब्रोअॅडेनोमा नुसता सोलून काढला तरी चालतो. फायलोड्स तसा काढला तर त्याच जागी पुन्हा उगवू शकतो. त्याच्याभोवतीचा चांगला भागही थोडा काढावा लागू शकतो. ते ऑपरेशनच्या आधी ठरवायला ट्रुकट बायोप्सी, म्हणजे जाड सुईने गाठीचा छोटा तुकडा काढून केलेली तपासणी, लागते. बारीक सुईच्या एफएनएसीत सुट्या पेशी येतात, त्यावरून हा फरक ओळखणं अवघड. ट्रुकटही कधी चकवते. मग पक्कं निदान गाठ पूर्ण काढून तपासल्यावरच.

‘एमआरआय करा.’ गाठीचा पसारा तो छान दाखवतो. फायलोड्स साधा की घातक, हे खात्रीने सांगणं त्याच्याही आवाक्याबाहेरचं.

रिपोर्टावर ‘बायरॅड्स 3, सहा महिन्यांनी पुन्हा’ (म्हणजे गाठ बहुधा साधी, पण लक्ष ठेवायचं) असं असेल तर ती तारीख चुकवू नका आणि जाताना जुना रिपोर्ट सोबत न्या. मागची मापं समोर नसतील तर गाठ वाढली की नाही, हे सांगणार कसं?