रेशन कार्ड आहे, पण धान्य सुरू नाही

फुलेनगर, वडाळागाव, सातपूर, अंबड. नाशिकच्या कुठल्याही कष्टकरी वस्तीत हे वाक्य ऐकायला मिळतं. केशरी कार्ड हातात असतं, बारा अंकी नंबरही पडलेला असतो, तरी दुकानदार म्हणतो, "ताई, तुमचं नाव धान्यात नाही." मग भांडण दुकानदाराशी होतं आणि खरी अडचण पुरवठा कार्यालयात तशीच पडून राहते.

कार्ड निघणं वेगळं, धान्य सुरू होणं वेगळं. केशरी कार्ड वर्षाला १ लाखापर्यंत उत्पन्न असलेल्यांना मिळतं. माणशी ५ किलो मोफत धान्य मात्र 'प्राधान्य कुटुंब' अशी नोंद झाली तरच. त्यासाठी शहरातली मर्यादा ५९ हजार रुपये, म्हणजे महिन्याला पाच हजारसुद्धा नाही. नाशिकमध्ये खोलीभाडं देऊन राहणाऱ्या कुठल्या कुटुंबाचं एवढ्यात भागतं? ही मर्यादा वाढायलाच हवी, यात मला तिळमात्र शंका नाही.

दुसरी अडचण इष्टांकाची, म्हणजे किती लोकांना धान्य द्यायचं या ठरवून दिलेल्या आकड्याची. अन्न सुरक्षा कायदा २०१३ चा, आपल्या राज्यात तो फेब्रुवारी २०१४ पासून लागू झाला. महाराष्ट्राच्या शहरी भागातल्या ४५.३४ टक्के लोकांनाच तो धान्य देतो आणि ही लोकसंख्या २०११ च्या जनगणनेची. त्यानंतर पाथर्डी फाटा, आडगाव, अंबडकडे शहर किती पसरलं ते सगळ्यांना दिसतं. आकडा तिथंच आहे. त्यामुळे कुणी वारलं, गाव सोडून गेलं किंवा उत्पन्न वाढून बाहेर पडलं, तरच नवीन नावाला जागा होते. अशा किती जागा झाल्या आणि रांगेत कोण आहे, याची वॉर्डनिहाय यादी कार्यालयाच्या भिंतीवर लागली पाहिजे. रेशनच्या नोंदी लोकांसमोर खुल्या ठेवा, असं कायद्याचं कलम २७ सांगतंच.

म्हणून नुसतं कार्ड काढून थांबू नका. तहसीलदारांचा उत्पन्नाचा दाखला जोडून प्राधान्य यादीत घेण्याचा वेगळा अर्ज द्या आणि तारीख, आवक नंबर असलेली पोच घ्याच. पोच नसेल तर पुढच्या खेपेला अर्ज पहिल्यापासून.

सगळ्यात जास्त नावं अडकतात ती नव्या सुनांची. सासरच्या कार्डात नाव चढवायला गेलं की कळतं, तिचा आधार नंबर माहेरच्या कार्डाला जोडलेला आहे. ऑनलाइन प्रणाली एक आधार दोन कार्डांवर घेत नाही. आधी माहेरी नाव कमी करून त्याचा दाखला आणायचा, मग विवाहाच्या पुराव्यासह इथं अर्ज. माहेर दुसऱ्या जिल्ह्यात असेल तर यात मजुरीचे किती दिवस बुडतात, ते घरच्यांनाच ठाऊक. बाळाचं नावही जन्मदाखला हातात आला की लगेच चढवा. शाळेत घालताना बघू म्हणाल, तर तोवर पाच किलोंवर दर महिन्याला पाणी.

ई-केवायसीत, म्हणजे कार्डातल्या माणसाची आधारवरून ओळख पटवण्यात, अडतात मुलं आणि म्हातारी माणसं. पाच वर्षांखालच्या मुलांच्या आधारमध्ये बोटांचे ठसे नसतातच. पाचव्या आणि पंधराव्या वर्षानंतर ते नव्याने द्यावे लागतात. ते राहून गेलं की मशीन मुलाला ओळखत नाही. बांधकामावर, प्लेटिंगच्या कारखान्यात आयुष्य गेलेल्यांच्या बोटांवर रेषाच उरत नाहीत. त्यांना "अंगठा येत नाही" म्हणून परत पाठवणं हा अन्याय आहे. 'मेरा ई-केवायसी' ॲपवर चेहरा दाखवून हे काम होतं. शेजारच्या कॉलेजातल्या पोराला सांगा, आजीला फोनसमोर बसवून दहा मिनिटांत करून देईल.

पेठ, सुरगाणा, हरसूलकडून कामाला आलेल्यांनी गावचं कार्ड रद्द करून इथं नवीन काढायच्या फंदात पडू नये. त्याच कार्डाचा नंबर आणि आधार दाखवून नाशिकच्या दुकानात धान्य मिळतं. घरातली निम्मी माणसं गावी असतील तर आपल्या वाट्याचंच इथं उचलता येतं, बाकीचं गावी. गिरणाऱ्याच्या मजूर बाजारात याचा एक ठळक फलक लावला, तरी कितीतरी घरांचं धान्य वाचेल.

धान्य घेताना मशीनची पावती मागा आणि तिच्यावरचे किलो पिशवीतल्या किलोंशी ताडून बघा. सगळ्यात गरीब घरांच्या अंत्योदय कार्डाला माणसं कितीही असोत, ३५ किलो. मोफत धान्याला एक रुपयाही द्यायचा नसतो. कमी मिळालं तर १९६७ किंवा १८००-२२-४९५० वर तक्रार नोंदवा आणि तक्रारीचा नंबर पावतीच्या मागेच लिहून ठेवा.

पुरवठा खात्याकडे मागणी एकच: वस्तीत महिन्यातून एका रविवारी शिबिर घ्या. नाव कमी करणं, चढवणं, ई-केवायसी, उत्पन्नाचा दाखला, सगळं एकाच टेबलावर. रोजंदारीवरच्या बाईला कार्यालयीन वेळेत यायला सांगणं म्हणजे तिचा त्या दिवसाचा रोज कापणं.