'कंपन्यांच्या हातात काही नाही' असं म्हणणाऱ्यांसाठी

फोन, लॅपटॉप आणि पर्यावरण यांची चर्चा निघाली की एक मजकूर हमखास पुढे पाठवला जातो. त्याचा आशय असा: कंपन्यांना दोष देण्यात अर्थ नाही, त्या लोक मागतात तेच बनवतात. लोकांनाच दर दोन वर्षांनी नवा फोन हवा असतो. तुम्ही चार्जरचं बटण बंद ठेवा आणि जुना फोन रीसायकलिंगला द्या. बॅटरी काढता येईल असा फोन केला तर तो जाड होईल आणि त्यात पाणी शिरेल. मोठ्या कंपन्या तर केव्हाच कार्बन-न्यूट्रल, म्हणजे जितका कार्बन सोडतात तितका भरून काढणाऱ्या, झाल्या आहेत, आणि त्यांनी याहून जास्त काही करायचं म्हटलं तर वस्तू परवडणार नाहीत.

यातली एक गोष्ट मला पूर्ण मान्य आहे: हातातलं उपकरण जितकी जास्त वर्षं वापराल तितकं चांगलं. पण ते किती वर्षं वापरता येईल हे बहुतेक वेळा आपण ते विकत घेण्याआधीच, आराखडा काढणाऱ्याच्या टेबलावर ठरलेलं असतं. म्हणून या मजकुरातला एकेक मुद्दा तपासायला हवा.

'चार्जर बंद ठेवा.' जरूर ठेवा, पण हिशोबही बघा. आजच्या फोनच्या बॅटरीत साधारण 15 ते 20 वॉट-तास वीज मावते. रोज ती पूर्ण रिकामी करून पूर्ण भरली आणि चार्जरमधली गळतीही धरली, तरी वर्षाकाठी आठ-दहा युनिटच्या वर आकडा जात नाही. याउलट, फोनमुळे त्याच्या आयुष्यभरात होणाऱ्या कार्बन उत्सर्जनापैकी 80 टक्क्यांच्या आसपास उत्सर्जन तो आपल्या हातात येण्याआधीच होऊन गेलेलं असतं. हे मोठ्या उत्पादकांच्याच पर्यावरण अहवालांत लिहिलेलं आहे.

ते होतं खाणींत आणि धातू शुद्ध करणाऱ्या भट्ट्यांत, पण त्याचा मोठा वाटा चिप आणि स्क्रीन बनवणाऱ्या कारखान्यांचा आहे. तिथे धुळीचा एक कणही चालत नाही, म्हणून हवा रात्रंदिवस गाळावी लागते आणि अतिशुद्ध पाणी तयार करावं लागतं. सिलिकॉनवर सर्किट कोरायला आणि कोरणारी यंत्रं आतून साफ करायला फ्लोरिनयुक्त वायू वापरतात. त्यातला नायट्रोजन ट्रायफ्लोराइड शंभर वर्षांच्या हिशोबाने कार्बन डायऑक्साइडच्या सुमारे 17 हजार पट तापमानवाढ घडवतो. कार्बन टेट्राफ्लोराइड एकदा हवेत गेला की जवळपास 50 हजार वर्षं तिथेच राहतो. हे वायू बाहेर पडण्याआधी नष्ट करणारी यंत्रणा उपलब्ध आहे. 1999 साली जगातल्या सेमीकंडक्टर म्हणजे चिप बनवणाऱ्या उद्योगाने या वायूंचं उत्सर्जन 2010पर्यंत तुलनेसाठी धरलेल्या आधारवर्षापेक्षा 10 टक्क्यांनी कमी करायचं ठरवलं आणि प्रत्यक्षात 32 टक्के कपात केली. ही कपात कुणी घरातलं बटण बंद केल्यामुळे झालेली नाही. ती कारखान्यात, वायू आणि प्रक्रिया बदलून झाली. पुरवठादार कारखान्यांना स्वच्छ वीज घ्यायला लावणं हेही उत्पादकच करू शकतो, कारण ऑर्डर त्याची असते.

'लोकांनाच दर दोन वर्षांनी नवं हवं असतं.' काहींना हवं असतं, हे खरं. पण माझ्या ओळखीचे बहुतेक लोक नाइलाजाने फोन बदलतात: बॅटरी टिकत नाही, स्क्रीन बदलण्याचा खर्च नव्या फोनच्या जवळ जातो, अपडेट येणं थांबतं. डिसेंबर 2017मध्ये अ‍ॅपलने मान्य केलं की बॅटरी जुनी झालेल्या काही आयफोनचा वेग सॉफ्टवेअरमधून कमी केला जात होता. फोन अचानक बंद पडू नये म्हणून तसं केलं, असं कंपनीचं म्हणणं होतं. ते ग्राह्य धरलं तरी वापरणाऱ्याला हे सांगितलं गेलं नव्हतं. जिथे नवी बॅटरी पुरली असती, तिथे फोनच जुना झाला अशी समजूत होणं साहजिक होतं. ही माहिती न दिल्याबद्दल फ्रान्समध्ये 2020 साली कंपनीला अडीच कोटी युरोंचा दंड भरावा लागला.

माझा स्वतःचा एक लॅपटॉप असाच गेला. सगळं उत्तम चालत होतं, फक्त मेमरी कमी पडायला लागली होती. पण मेमरी बोर्डलाच सोल्डर केलेली होती, त्यामुळे ती वाढवणं शक्यच नव्हतं. एका सुट्या भागासाठी अख्खं मशीन बाद करावं लागलं, याची खंत मला अजून आहे.

आता दुसरी बाजू बघा. फेअरफोन या छोट्याशा डच कंपनीने 2015 साली आणलेल्या फेअरफोन 2ला मार्च 2023पर्यंत अपडेट दिले. गुगलने 2023मध्ये पिक्सेल 8साठी आणि सॅमसंगने 2024मध्ये गॅलक्सी एस 24साठी सात वर्षांच्या अपडेटचं वचन दिलं. घेणारे लोक तेच होते, धोरण कंपन्यांनी बदललं. आणि जिथे त्या स्वतःहून बदलत नाहीत तिथे कायदा बदलायला लावतो. 20 जून 2025पासून युरोपीय संघात बाजारात येणाऱ्या नव्या फोनची बॅटरी 800 वेळा चार्ज झाल्यावरही किमान 80 टक्के क्षमता राखणारी असावी लागते, आणि मॉडेलची विक्री थांबल्यावरही सात वर्षं सुटे भाग मिळावे लागतात.

'बॅटरी काढता आली तर फोन जाड होईल, पाणी शिरेल.' सॅमसंगचा 2014चा गॅलक्सी एस 5 फक्त 8.1 मिलिमीटर जाडीचा होता. त्याचं मागचं झाकण नखाने उघडायचं, बॅटरी हाताने निघायची, आणि तरीही तो एक मीटर पाण्यात अर्धा तास तग धरेल असं प्रमाणित होतं. गोंद लावायचाच असेल तर त्याचेही प्रकार असतात. 2024च्या आयफोन 16मध्ये बॅटरीचा गोंद हलका वीजप्रवाह दिला की सुटतो.

'जुनं रीसायकलिंगला दिलं की झालं.' संयुक्त राष्ट्रांच्या अहवालानुसार 2022 साली जगात 6.2 कोटी टन ई-कचरा तयार झाला. त्यातला रीतसर गोळा होऊन रीसायकल झाल्याची नोंद असलेला भाग 22.3 टक्के. उरलेल्याचं काय झालं याची अधिकृत नोंदच नाही. रीसायकल होतो त्यातूनही मुख्यतः सोनं, तांबं, चांदी यांसारखे धातू मिळतात. स्पीकरमधल्या चुंबकांसारख्या भागांत लागणाऱ्या दुर्मीळ मृदा धातूंच्या गरजेपैकी जेमतेम 1 टक्का ई-कचऱ्यातून भागते. अ‍ॅपलचा डेझी नावाचा रोबो आयफोन सुटे करतो, आणि त्याचं मला कौतुक आहे. पण अशा एका रोबोची क्षमता वर्षाला 12 लाख फोनची, आणि कंपनीचे वर्षाला विकले जाणारे फोन 20 कोटींच्या आसपास. जे मुळात सहज सुटं होईल असं जोडलेलं नाही, ते शेवटी भट्टीत जातं.

'मोठ्या कंपन्या कार्बन-न्यूट्रल झाल्या आहेत.' असा दावा दिसला की दोनच गोष्टी शोधाव्यात: पुरवठादारांचं उत्सर्जन मोजलंय का, आणि किती प्रत्यक्ष कमी केलंय, किती झाडं लावून वजा केलंय. ऑगस्ट 2025मध्ये फ्रँकफर्टच्या न्यायालयाने अ‍ॅपलला घड्याळाची 'कार्बन-न्यूट्रल' अशी जाहिरात करायला मनाई केली. उत्सर्जनाच्या भरपाईसाठी पॅराग्वेमध्ये ज्या जमिनींवर निलगिरी लावली होती, त्यातल्या तीन-चतुर्थांश जमिनींचे भाडेकरार 2029च्या पुढे सुरक्षितच नव्हते. झाडांनी कार्बन धरून ठेवायचा तर ती 2029नंतरही उभी राहतील याची खात्री नको?

राहिला खर्च. फेअरफोन त्याच कुवतीच्या इतर फोनपेक्षा महाग पडतो, हे लपवण्यात अर्थ नाही. पण तो फारच कमी संख्येने बनतो, आणि किंमत काढताना किती वर्षांनी भागायचं हेही पाहायला हवं. उत्पादकाच्या बाजूने तर याचं उत्तर फार जुनं आहे. 1959 साली आलेलं झेरॉक्स 914 हे कॉपियर कंपनी प्रामुख्याने भाड्याने देत असे. यंत्र कंपनीच्याच मालकीचं, म्हणजे प्रत्येक बिघाडाचा भुर्दंडही तिलाच, आणि यंत्र जास्त टिकलं तर फायदाही तिचाच. परत आलेली यंत्रं खोलून, त्यातले चांगले भाग तपासून पुन्हा वापरण्याची पद्धत याच कंपनीने पुढे पक्की केली. आज सर्व्हर, लॅपटॉप आणि प्रिंटर भाड्याने देणाऱ्या कंपन्या हाच हिशोब मांडतात, आणि परत आलेली उपकरणं दुरुस्त करून वॉरंटीसह विकण्याचं काम कित्येक मोठे उत्पादक स्वतःच करत आहेत.