डाक नव्हे, डॅक!

कुरिअरवाला खोकं देऊन गेला तेव्हा आई हॉलमध्ये मेथी निवडत बसली होती. "काय आलं रे?" म्हणाली. म्हटलं, "डॅक आलाय." "डाक? तुला कोण पत्र पाठवतंय आता?" आई 81 वर्षांची, कानाला मशीन, म्हणून मी ओरडून सांगितलं की डाक नाही गं, डॅक, सीडीवर जे आकडे असतात ना त्यांचा परत आवाज करणारं यंत्र. त्यावर स्वयंपाकघरातून बायको म्हणाली, "मग इतके दिवस आपण काय आकडेच ऐकत होतो का?"

आता याला उत्तर नव्हतं, कारण घरात एक डॅक आधीपासून होता. चार वर्षांपूर्वी पुण्याच्या जुन्या बाजारातून मी 1800 रुपयांना ऐंशीच्या दशकातला एक सीडी प्लेअर उचलून आणला होता, एवढा जड की रिक्षावाल्याने आत काय आहे ते दोनदा विचारलं. आत डॅक म्हणून फिलिप्सची टीडीए 1541 ए ही चिप. 28 पायांची. तिचे भक्त जगभर आहेत, आणि ते झाकण उघडून आधी मुकुट शोधतात, कारण त्यातल्या निवडक चिपांवर कंपनीने खरंच मुकुट छापला होता (आता खोटे मुकुटवाल्या पण विकायला असतात). आमच्या चिपला मुकुट नाही. टक्कलच आहे.

जुन्या चिपचं काम वाण्याच्या तराजूसारखं. शेर, अच्छेर, पावशेर, अदपाव, प्रत्येक वजन आधीच्याच्या निम्मं, अशी 16 वजनं, आणि सेकंदाला निदान 44100 वेळा त्यातली हवी ती टाकून करंट मोजून द्यायचा. गोची अशी की सगळ्यात मोठं वजन सगळ्यात छोट्याच्या 32768 पट असतं, त्यामुळे मोठ्यात केसाएवढी खोट असली तरी छोटं घातलं काय अन् नाही काय. नव्या चिपा म्हणजे डेल्टा-सिग्मावाल्या या भानगडीतच पडत नाहीत, त्यांच्याकडे वजनं अगदी मोजकी, कधी कधी तर एकच, पण ते सेकंदाला लाखो वेळा टाक-काढ टाक-काढ करून सरासरी बरोबर आणायची, आणि त्यातून जो कचरा होतो तो माणसाला ऐकू येत नाही अशा गल्लीत ढकलून द्यायचा. थोडक्यात पुण्याचं कचरा व्यवस्थापन, फक्त हे चालतं.

पहिल्या रात्री जोडणी केली. जुन्या प्लेअरचा स्वतःचा आवाज अँप्लिफायरच्या एका इनपुटला, आणि त्याच्याच डिजिटल आउटमधून केबल नव्या डॅकला आणि तिथून दुसऱ्या इनपुटला, म्हणजे सीडी एकच आणि रिमोटने नुसतं इकडून तिकडे. मालकंस लावला आणि नव्यावर गेलो तर काय सांगू, तबल्याचा डग्गा कसा घुमायला लागला, तानपुरा मोकळा झाला. ऑडिओवाल्या मित्राला रात्री साडेअकराला फोन केला. तो जांभई देत म्हणाला, व्होल्टेज मोजलंस का?

नव्हतं मोजलं. साधा मल्टिमीटर वरच्या सुरांना गडबडतो म्हणून 50 हर्ट्झचा टोन लावून मोजलं तर जुना 2 व्होल्ट आणि नवा अडीच. म्हणजे जवळजवळ 2 डेसिबलचा फरक, एवढ्याने आवाज मोठा झालाय असं पटकन कळत पण नाही, नुसता "छान" वाटतो. पाव व्होल्ट, अर्धा व्होल्ट यातच माझा डग्गा घुमला होता. नव्याचा आवाज कमी करून दोन्ही सारखे केले आणि लगेच मला जुनाच गोड वाटायला लागला. गोड, भरीव, घरचा. बायको म्हणाली मला दोन्ही सारखंच वाटतंय, आणि गॅस बंद करा.

मग रविवारी रीतसर परीक्षा. आई सोफ्यावर डोळे मिटून, मी मागे माझ्या खुर्चीत रिमोट घेऊन, मुलगा नाणं उडवून मला खुणेनं सांगणार कुठला लावायचा, आणि आईने नुसतं "जुनं" की "नवं" ते म्हणायचं. पहिल्या दोनदा ओळख करून दिली. मग सुरू. जुनं. बरोबर. नवं. बरोबर. दहापैकी दहा! नुसते अंदाज मारून असं व्हायची शक्यता 1024 मध्ये 1, हे मुलाने तिथल्या तिथे सांगितलं. माझा गळा भरून आला हो. शेवटी कान कुणाकडून आलेत मला!

यात एक विसरलो होतो की आईच्या कानातलं मशीन पण डिजिटल आहे. म्हणजे माझ्या पूज्य चिपमधून निघालेला आवाज त्या मशीनने परत आकड्यांत चिरला आणि परत जोडून कानात सोडला, त्यात वरचे सूर तसेही पूर्ण पोचत नाहीत. मुलाच्या हे लगेच लक्षात आलं. "आजी, तुला कळलं कसं?"

"अरे त्यात काय. जुनं लावलं की हा मागे रेलतो, खुर्ची करकरते. नवं लावलं की पुढे वाकून बसतो, मग गप्प."

बाकी काही नीट येवो न येवो, ते मशीन करकर मात्र अगदी खणखणीत ऐकवतं.

पुढची फेरी माझी. मी डोळे मिटून, रिमोट मुलाकडे. दहापैकी पाच. मी म्हटलं दुपारची लाइट खराब असते, शेजारी मिक्सर चालू होता, आणि मुळात असं परीक्षेसारखं कुणी गाणं ऐकतं का. कुणी काही बोललं नाही, मुलाने फक्त वहीत 5 लिहून खाली दोन रेघा मारल्या.

एक तरी विका असं घरात ठरलंय. पण जुन्याची लेझर कधी जाईल सांगता येत नाही म्हणून नवा पाहिजे, आणि नवा आहे म्हणून जुना आरामात चालू ठेवता येतो, तेव्हा दोन्ही आहेत. मग बायको म्हणाली निदान त्या खुर्चीला तेल तरी घाला. ते मात्र मी साफ नाही म्हटलं. उद्या आईला कळायचं कसं, कुठला चाललाय ते?