गप्पीला कशाला?

"गप्पी को ये सब नहीं लगता, साहब," दुकानदार म्हणाला, आणि दुकानातली झाडून सगळी माणसं माझ्याकडे वळून बघायला लागली. पिंजऱ्यातला काकाकुवासुद्धा.

मी फक्त माशांच्या टाकीच्या फिल्टरमध्ये घालायला रिंगा मागितल्या होत्या. क्रॉफर्ड मार्केटातल्या प्राणी-पक्ष्यांच्या गल्लीत ही काही जगावेगळी मागणी नव्हे. पण त्यानं आधी "मछली कौनसी है?" विचारलं आणि माझी पत गेली. अरोवाना म्हणालो असतो तर बसायला स्टूल आलं असतं. डिस्कस म्हणालो असतो तर कटिंगही आला असता. गप्पी म्हणजे काय, तर महापालिकेची माणसं डासांच्या अळ्या खायला विहिरींत आणि टाक्यांत सोडतात तो मासा. 'गप्पी मासे पाळा, हिवताप टाळा' हे आरोग्य केंद्राच्या भिंतीवर वाचत आपण मोठे झालो. सरकार जो मासा फुकट वाटतं, त्याच्या तैनातीसाठी पदरचे पैसे घेऊन आलेला मी एकटाच असणार.

तरी मी नेट धरून म्हणालो, "बायोलॉजिकल मीडिया दाखवा." म्हणजे फिल्टरमध्ये जिवाणूंना वस्ती करायला घालतात तो माल. त्यानं काउंटरवर एकेक आदळायला सुरुवात केली. पांढऱ्या सिरॅमिक रिंगा. भाजलेल्या काचेच्या रिंगा, परदेशी, साडेअकराशे. निळे बायोबॉल. लाव्हाचे खडे. शेवटी कोळशाची पिशवी, "ये भी बायोलॉजिकल ही है." ते बायोलॉजिकल नसतं हो! कोळसा रंग-वास-औषध शोषतो आणि काही आठवड्यांत थकतो. पण गप्पीवाल्यानं दुकानदाराची चूक काढायची नसते.

इथं काका आले. म्हणजे ते आधीपासून होतेच, लव्हबर्डसाठी राळे तोलून घेत. साठी उलटलेली, शर्टाच्या खिशात दोन पेनं, काखेत छत्री. त्यांनी साडेअकराशेचं पाकीट उचललं, चष्मा कपाळावर चढवला आणि विचारलं, "ह्यां काय?"

"फिल्टरमध्ये घालतात, काका. यात जिवाणू राहतात."

"किडे?"

"जिवाणू. मासे पाण्यात अमोनिया सोडतात. जास्त झाला की तोच त्यांना मारतो. एक जातीचे जिवाणू त्या अमोनियाचं नायट्राइट करतात, तेही विषारीच. मग दुसरे त्याचं नायट्रेट करतात. ते बरंच निरुपद्रवी, पाणी बदललं की जातं. या जिवाणूंना चिकटून बसायला जागा लागते आणि वाहतं, प्राणवायूचं पाणी लागतं."

काका लक्ष देऊन ऐकत होते, हे मला नंतर महागात पडलं.

"किती मासे तुमच्याकडे?"

"आठ."

"वजन?"

माशांचं वजन मला आजवर कोणी विचारलं नव्हतं. पण कोकणातल्या माणसाच्या दृष्टीनं मासा म्हटल्यावर हाच पहिला प्रश्न, त्यात त्यांचं काय चुकलं? "सगळे मिळून दहा ग्रॅमही नाही भरणार," मी म्हणालो.

काकांनी खिशातलं एक पेन काढलं आणि राळ्याच्या पुडीवर हिशेब मांडला. "दहा ग्रॅमला साडेअकराशे. म्हंजे किलोला एक लाख पंधरा हजार." मग वर बघून, अत्यंत शांतपणे, "मेल्या, एवढ्यात सगळ्या वाडीक सुरमय खाऊक घातली असतंय मी."

दुकान हसलं. दुकानदाराला मालवणी कळत नसावं, पण तोही हसला. मी सांगायला गेलो की गप्पीची मादी साधारण महिन्याच्या महिन्याला वीस-तीस जिवंत पिल्लं टाकते, आज आठ आहेत ते दिवाळीला आठ राहणार नाहीत, म्हणून आधीच सोय करतोय. त्यावर काकांचं उत्तर तयार होतं: "मग नर-मादी येगळी ठेव." मादी आधीच्या नराचं बीज पोटात साठवून महिनोन्‌महिने विते, हे मी सांगितलं नाही. दुकानात बायकामाणसं होती.

"बरं, हे किडे मिळतात कुठं?"

"मिळत नाहीत, आपोआप येतात. महिना-दीड महिन्यात टाकीत वस्ती होते."

दुकानदारानं हे ऐकून फळीवरची बाटली काढली. "मिलता है ना, ये देखो, लिक्विड बॅक्टेरिया." बाटली दारातल्या उन्हात कधीपासून तापत होती देव जाणे. हे जिवाणू काही बीजाणू करून झोपणाऱ्यांतले नव्हेत. एवढ्या उन्हात त्यांचं सूप झालेलं असणार.

काकांचा पुढचा सवाल मुद्द्याचा होता. "म्हणजे राहाणारे फुकट येणार, आणि जागेचे पैसे तू भरणार?" आणि त्यांनी पाकिटावरचा बारीक मजकूर डोळ्यांजवळ नेला. तिथं लिहिलं होतं की एक लिटर मीडियात सातशे चौरस मीटर पृष्ठभाग. काकांचा चेहरा एकदम बदलला. "सातशे मीटर म्हणजे साडेसात हजार फूट." थोडं थांबून, "कार्पेट की बिल्टप?"

मी हसलो. ते हसले नाहीत. मग कळलं की काकांची लालबागची चाळ बिल्डरनं पाडली आहे, भाडं थकवलंय, आणि १६० फुटांच्या खोलीत आठ माणसं वाढलेलं हे कुटुंब सध्या कळव्याला कुठंतरी राहतंय. नवीन जागेचे फूट दर मीटिंगला बदलतात. म्हणून जागेचा आकडा दिसला की काकांच्या तोंडून हा प्रश्न आपोआप निघतो. त्यांनी मला बिल्डरबद्दल, त्याच्या मेहुण्याबद्दल, आणि चाळीतल्या फुटून बिल्डरला मिळालेल्या दोन बिऱ्हाडांबद्दल सांगितलं. मी रिंगा हातात धरून उभा. दुकानदारानं दरम्यान दोन गिऱ्हाइकं उरकली.

पण खरं सांगू? प्रश्न बिनतोड होता. पाकिटावरचा आकडा सुपर बिल्टपच असतो. त्यात इतकी बारीक छिद्रं मोजलेली असतात की आत पाणी धड फिरत नाही, प्राणवायू पोचत नाही, आणि चार महिन्यांत तोंडं गाळानं बुजतात. जिवाणूंच्या कामाचा तो बाहेरचा, पाणी लागणारा भाग. रिंगांच्या आधी जाडसर स्पंज लावा, म्हणजे गाळ तिथंच अडतो, आणि मग सातशे काय नि सत्तर काय. हे कोणी पाकिटावर छापत नाही.

निवडायची माझी पद्धत साधी. बोट ओलं करायचं, रिंगेवर थेंब सोडायचा. स्वस्तातल्या पांढऱ्या रिंगेवरून थेंब घरंगळून काउंटरवर पडला, म्हणजे वरून चकचकीत, आत ठोकळा. काचेच्या रिंगेनं थेंब क्षणात पिऊन टाकला, तिथं नुसता काळपट ठिपका उरला. मग रिंग तोंडाला लावून फुंकली. हवा आरपार गेली आणि ओठांवर पिठासारखी धूळ आली. काका म्हणाले, "वाजली नाय."

याच वेळात एक बाप आणि त्याची छोटी मुलगी आली. गोल्डफिश, काचेचा गोल बाउल, गुलाबी खडे, प्लॅस्टिकचं झाड. पाच मिनिटांत सगळं पिशवीत. त्यांना कोणी विचारलं नाही की फिल्टर आहे का, पाणी मुरवून जिवाणूंची वस्ती होऊ दिलीय का, नळाच्या पाण्यातलं क्लोरिन काढणार कसं. वीतभर वाढणारा, घाणेरडा, खादाड मासा तीन लिटर पाण्यात आठ-दहा दिवस स्वतःच्या अमोनियात पोहणार आणि एका सकाळी उताणा. मग रडारड, मग पुन्हा इथंच नवा मासा. मी बापाला म्हणालो, "फिल्टरशिवाय नाही टिकत हो तो." त्यानं माझ्याकडे असं पाहिलं की मी तिकीट तपासायला आलोय. दुकानदारानं तर ऐकलंच नाही. कशाला ऐकेल? माझे मासे जगले तर मी वर्षभर तोंड दाखवणार नाही. त्या मुलीचा बाप पुढच्याच रविवारी येईल. या सगळ्या धंद्याचा पाया मेलेला मासा आहे, आणि हसं मात्र गप्पीसाठी रिंगा घेणाऱ्याचं.

मी साडेअकराशे मोजले. घासाघीस केली, तर "साहब, इम्पोर्टेड है, मार्जिन नहीं है." एक रुपया सुटला नाही. स्पंजचे वेगळे.

काका निघता निघता वळले. "एक नग दी रे माका. बिल्डराक दाखवतंय. म्हणतंय, बघ, हेका म्हणतत जागा."

दुकानदार एकदम दिलदार झाला. "अरे ले लो ना, चाचा!" म्हणत त्यानं माझ्या, पैसे दिलेल्या पाकिटाचं तोंड टर्रकन फाडलं, एक रिंग काकांच्या हातावर ठेवली आणि वर त्यांच्या राळ्यात मूठभर जास्तीचे राळे घातले. मी काही बोलणार तोच, "एक से क्या होता है, साहब?"

लिटरभराच्या त्या पाकिटात शे-सव्वाशे रिंगा असतील. त्यांच्याच छापील हिशेबानं माझे साठ-सत्तर चौरस फूट गेले. लालबागला आज फुटाचा भाव काय चाललाय, विचारून बघा.