आप्पा, थिजलेला उंदीर आणि निवांत उंदीर यातला फरक

आप्पा, तुमची कमेंट परवा रात्री वाचली. लगेच उत्तर टाकलं नाही, कारण तेव्हा टाकलं असतं तर रागात टाकलं असतं, आणि तुम्ही वयाने मोठे आहात, तुम्हाला तसं लिहिणं मला पटलं नसतं. आज सकाळी निवांत बसून लिहून राहिले, जरा लांबेल, चालवून घ्या.

ज्यांनी ती कमेंट वाचली नाही त्यांच्यासाठी सांगते. मी घरी पांढरे उंदीर पाळते, त्यांच्याबद्दलच्या माझ्या लेखाखाली ती आली होती. आप्पा रावेर तालुक्यातले केळीवाले. त्यांचं म्हणणं असं की उंदरांनी आमच्या ड्रीपच्या नळ्या कुरतडल्या, कणगीतली दादर ज्वारी नासवली, आणि ही बाई भुसावळात बसून उंदराचे लाड कसे करायचे ते शिकवते. सुरतचा प्लेग विसरलात का, हेही विचारलंय. आणि शेवटी लिहिलंय, "उंदीर माणसाला कधी जीव लावत नाही. तुमच्या फोटोत तो हातावर बसलाय ना, तो घाबरून थिजलाय. भीतीला तुम्ही विश्वास म्हणता." वर त्यांचा आठवीतला नातू माझं वाचून पांढऱ्या उंदरांसाठी हट्ट धरून बसलाय, म्हणून राग जास्त.

तर आधी त्या शेवटच्या वाक्याबद्दल, कारण तेच मला लागलं. आणि लागलं कारण ते खरं आहे.

तो फोटो साबूचा होता, ती घरी आल्यावर चौथ्या दिवशी काढलेला. तुमची कमेंट वाचल्यावर मी तो मोठा करून पाहिला. कान मागे चिकटलेले, पाठ कमानीसारखी वर आलेली, शेपूट काठीसारखी ताठ, मिशा हलत नाहीत. आणि खाली माझ्या तळहातावर दोन लेंड्या पडलेल्या होत्या, फोटो बरा दिसावा म्हणून मी त्या क्रॉप केल्या होत्या. त्या दोन लेंड्याच सगळं सांगत होत्या, मलाच तेव्हा वाचता येत नव्हतं. मांजर, साप, घुबड यांना हललेलं आधी दिसतं म्हणून उंदीर पळायला जागा नसली की दगड होतो. ती तेव्हा दगड झालेली होती आणि मी खाली लिहिलं होतं "बघा किती शांत बसलीये". तो फोटो मी आज काढून टाकला. तुम्ही शेतातले उंदीर बघत आलात म्हणून तुम्हाला एका नजरेत कळलं आणि इतक्या वाचणाऱ्यांपैकी कोणी बोललं नव्हतं, त्याबद्दल मनापासून आभार.

पण आप्पा, "कधीच जीव लावत नाही" हे मात्र मी मान्य करणार नाही, कारण चौथ्या दिवसाच्या पुढे काय झालं ते त्या फोटोत नाही.

मी तीन माद्या आणल्या गेल्याच्या आधीच्या दिवाळीत, जळगावच्या एका दुकानातून. राई, साबू आणि खसखस, नावं माझ्या लेकीने ठेवली. दुकानदाराने प्रत्येकीला शेपटीला धरून उचललं आणि खोक्यात सोडलं, तिथे सगळे तसंच उचलतात, मीही पहिले काही दिवस तसंच केलं, मला वाटलं हीच पद्धत असेल. मग वाचायला लागले. इंग्लंडात लिव्हरपूल विद्यापीठातल्या दोघी संशोधक बायकांनी २०१० साली हेच तपासून छापलं होतं. प्रयोगशाळेतले काही उंदीर शेपटीने उचलले, काही नळीत घेऊन उचलले, काही ओंजळीत. नंतर नुसता हात पुढे ठेवला तर शेपटीने उचललेले हातापासून लांब राहायचे आणि नळीतले, ओंजळीतले आपणहून हाताजवळ यायचे. उंदीर त्याच जातीचे, फक्त उचलायची रीत वेगळी. हे वाचलं त्या दिवसापासून आमच्या घरात शेपटीला हात लावणं बंद झालं.

कापडाचा तागा ज्याच्यावर गुंडाळलेला असतो ती पुठ्ठ्याची नळी दुकानदार फेकूनच देतात, ती मागून आणली, वीतभर कापली आणि पिंजऱ्यात ठेवून दिली. दोनतीन दिवसात त्या स्वतःच तिच्यात जाऊन बसायला लागल्या. मग दोन्ही तोंडांशी हात धरून नळीच उचलायची. वरून पंजा येत नाही, घारीसारखी सावली पडत नाही, त्यामुळे पोटात गोळा येत नाही तिच्या.

त्यानंतरचा पहिला आठवडा मी हातात घेणंच सोडून दिलं. दिवसभर वापरलेला सुती रुमाल त्यांच्या घरट्याशेजारी ठेवला, बस. उंदराला डोळ्याने फारसं नीट दिसत नाही, तो माणूस ओळखतो वासाने. दुसऱ्या दिवशी बघते तर रुमालाच्या कडेचे दोरे उपसून त्यांनी घरट्यात विणले होते! तेव्हाच मला जरा धीर आला. मग रोज रात्री नऊनंतर, कारण ही जनावरं रात्री जागी, खोलीतला दिवा बंद करून देवघरातला लाल झिरोचा बल्ब लावायचा (लाल उजेड त्यांना जवळजवळ दिसतच नाही, म्हणून त्या बिनधास्त फिरतात), पिंजऱ्याचं दार उघडं ठेवायचं, हात आत उताणा ठेवायचा आणि तळव्यावर दादरचे चारपाच दाणे. बोटं हलवायची नाहीत. पहिल्या रात्री कोणी आलं नाही, दुसऱ्या रात्री खसखस आली, दाणा उचलला आणि कोपऱ्यात पळून जाऊन खाल्ला. आठवडाभर हेच, दाणा घ्यायचा आणि पळायचं. हात भरून यायचा माझा.

नवव्या रात्री खसखसने दाणा घेतला आणि पळाली नाही. माझ्या करंगळीच्या बाजूला मागच्या पायांवर बसली, दोन्ही पुढच्या पंजात दाणा धरून गरागरा फिरवला, टरफल काढलं आणि तिथेच खाल्ला, तो टरफलाचा तुकडा माझ्या हातावर पडला ते मला जाणवलं. पंचवीसतीस ग्रॅमचं जनावर, काळीज मिनिटाला पाचसहाशे वेळा ठोके देतं, ते बोटाला अगदी बारीक थरथर असल्यासारखं लागतं. खाऊन झाल्यावर तिने तोंड धुतलं, म्हणजे पंजे चाटून कानामागून नाकापर्यंत फिरवतात ते, मग मनगटापर्यंत चढून वास घेतला, उतरली, नळीत गेली आणि दोन मिनिटांनी परत आली.

आप्पा, माझं सगळं म्हणणं त्या "परत आली" मध्ये आहे. थिजलेला उंदीर खात नाही, तोंड धूत नाही. तुम्ही स्वतः बघून ठेवा, हातावर बसलेल्या उंदरासमोर दाणा ठेवा, घाबरलेला असेल तर दाण्याकडे बघणार पण नाही. आणि दार उघडं असताना, पळायला जागा असताना जो जातो आणि परत येतो तो भीतीने येत नाही. त्याला जीव लावणं म्हणायचं की नाही यावर मी भांडणार नाही, कुत्र्यासारखं शेपूट हलवून दारात स्वागत तो करणार नाही हेही खरं. पण "हा हात मला खाणार नाही" एवढं त्या जिवाला कळलंय, आणि ज्याला जगातलं सगळंच खायला टपलेलं असतं त्याला एवढं कळणं माझ्या दृष्टीने फार मोठं आहे.

हे एकदा जमलं की कायमचं जमतं असंही नाही. जानेवारीत पाहुणे येणार म्हणून घाईघाईत पिंजरा साफ करायला घेतला, नळीची वाट न बघता साबूला वरून पकडलं. एकदाच. त्यानंतर तीन आठवडे ती हाताजवळ फिरकली नाही, सगळं रुमालापासून परत सुरू करावं लागलं. त्याच दिवशी दुसरी चूक ही केली की पिंजरा अगदी धुवून लख्ख केला आणि घरटंही फेकून दिलं. त्यांना स्वतःचा वास म्हणजे घराचा पत्ता असतो, तोच पुसून टाकला मी. आता पिंजरा साफ करताना जुन्या घरट्यातला मूठभर कोरडा कागद नेहमी परत ठेवते. राई एकदा चावली पण आहे, रक्त आलं, पण तेव्हा माझ्या बोटाला शेंगदाण्याचा कूट लागलेला होता, तिची काय चूक? आता आधी साबणाने हात धुते, बिनवासाच्या साबणाने, आणि नंतर परत धुते.

आमच्या ह्यांना मात्र पहिले दोनतीन महिने त्यांनी जवळ येऊ दिलं नाही. ते पिंजऱ्याजवळ आले की तिघी आत. त्यांना वाईट वाटायचं, ते माझ्यापेक्षा हळू हाताचे आहेत. मग कळलं की कॅनडातल्या मॅकगिल विद्यापीठाचं २०१४ सालचं काम आहे, पुरुषाच्या नुसत्या वासाने उंदरांना ताण येतो, त्याने घातलेला टीशर्ट शेजारी ठेवला तरी येतो, आणि तो वास थोडा वेळ तसाच राहिला की ताण उतरतो. मग ते आधी अर्धा तास खोलीत नुसते पेपर वाचत बसायला लागले. आता राई त्यांच्याच बाहीत जाऊन झोपते. तुमच्या नातवालाही हे लागेल, मोठा होतोय तो.

ड्रीपच्या नळ्यांचं. माझं माहेर यावल तालुक्यातलं, वडिलांनी एका हंगामात किती वेळा नळ्या जोडल्या ते मी पाहिलंय, गोळ्या टाकतानाही पाहिलंय, आणि शेतकऱ्याने उंदीर मारू नये असं मी कुठेही लिहिलेलं नाही, लिहिणारही नाही. शेतात नुकसान करणारे बहुतेक वेगळ्या जातीचे असतात, घुशीच्या कुळातले. पांढरा उंदीर हा घरात कपाटामागे फिरतो त्या बारीक उंदराच्याच जातीचा, पण माणसाजवळ पिढ्यानपिढ्या वाढलेला, त्याला शेतात सोडलं तर तो एक रात्र काढणार नाही. म्हणून एक कळकळीने सांगते, कंटाळा आला म्हणून कोणी यांना बांधावर सोडून देऊ नका.

प्लेगचं मी विसरलेले नाही. १९९४ ला मी शाळेत होते. आमचे काका सुरतेत उधन्याला कापडाच्या लूमवर होते, आपल्या खान्देशातली निम्मी घरं तेव्हा सुरतेला कामाला, आणि ताप्तीच्या लाईनने गाड्या भरभरून लोक परत येत होते, तोंडाला रुमाल बांधलेले, मेडिकलवर प्लेगवरचं औषध टेट्रासायक्लीन मिळत नव्हतं. काका आल्यावर आजीने त्यांना आठ दिवस ओट्यावरच झोपवलं. ती भीती खोटी नव्हती. पण प्लेग बाहेरच्या मोठ्या उंदरांच्या पिसवांमधून येतो, आणि फुप्फुसाचा झाला की माणसाकडून माणसाला. पिंजऱ्यात जन्मलेल्या, पिसवा नसलेल्या उंदराला तो आपोआप होत नाही. फक्त बाहेरचा उंदीर पिंजऱ्याजवळ येता कामा नये, म्हणून आमचा पिंजरा बारीक जाळीचा आहे आणि सांडलेले दाणे रोज झाडले जातात. रोगराईचं बाकी भान ठेवायलाच हवं. घरात गरोदर बाई असेल तर तिने यांच्यापासून आणि यांच्या भुशापासून लांबच राहावं, या प्राण्यांकडून येणारा एक विषाणू पोटातल्या बाळाला घातक ठरू शकतो. तुमच्या घरात सूनबाईंचं तसं काही असेल तर नातवाला सरळ नाही म्हणा, मी तुमच्या बाजूने.

आणि आता उन्हाळा. हे मी त्या लेखात लिहायला हवं होतं आणि लिहिलं नाही, ही चूक तुम्ही दाखवली नाहीत पण मी कबूल करते. गेल्या मे महिन्यात इथे पारा पंचेचाळीसच्या वर होता, दुपारी लाईट गेली, आणि संध्याकाळी साबू माझ्या हातावर अंग पसरून पडली, उठेचना. लेक म्हणाली आई बघ आता किती विश्वास ठेवते. तो विश्वास नव्हता, तिला ऊन लागलं होतं. उंदराला आपल्यासारखा घाम येत नाही, तो अंगाला लाळ फासून गार व्हायला बघतो, आणि तिचा गळ्याखालचा भाग ओला झालेला होता. सासूबाई, ज्या पहिल्या दिवशी पिंजरा बघून "हाई काय शे माय?" म्हणत लांब उभ्या राहिल्या होत्या, त्यांनीच फुटक्या माठाचं खापर पाण्यात बुडवून आणलं आणि पुसून पिंजऱ्यात ठेवलं. साबू सरपटत त्याच्यावर गेली आणि पोट टेकून पडून राहिली. रात्री अकराच्या सुमारास तिने पाणी प्यायलं. तेव्हापासून मार्च ते जून पिंजरा जमिनीवर, आतल्या खोलीत, खापरं दोन, आलटून पालटून, आणि दुपारी कोणी हात लावायचा नाही.

साबू या फेब्रुवारीत गेली, पोटाखाली गाठ झाली होती. उंदीर जगतातच दीडदोन वर्षं. शेवटच्या आठवड्यात तिला चढता येत नव्हतं, तरी दार उघडलं की नळीच्या तोंडाशी येऊन बसायची.

तुमच्या नातवाबद्दल. आत्ता आणू नका आप्पा, मे महिना आहे, रावेरचं ऊन भुसावळपेक्षा काही कमी नाही, प्रवासातच जातील. दसरा होऊ द्या. एकटा उंदीर आणू नका, एकटा झुरतो, आणि दोन नरही नकोत, रक्त येईपर्यंत भांडतात. दोन माद्या, एकाच खोक्यात वाढलेल्या. दुकानात आधी पोट बघून घ्या, गाभण मादी आली तर वीसएकवीस दिवसात पाचसात पिल्लं होतात. आणि तोवर नातवाला एक काम द्या. पिंजरा आजच मांडायला सांगा, रिकामाच, आणि रोज रात्री दहा मिनिटं तळव्यावर दादर घेऊन आत हात न हलवता धरायला सांगा. दसऱ्यापर्यंत तो हे करत राहिला तर मला कळवा, जळगावला दुकानात निवडायला मी स्वतः येईन तुमच्याबरोबर.